पाट्या

जानेवारीत शहरभर एकदम प्रदर्शनं उघडतात
आणि मला कामं मिळतात:
फोमबोर्डवरच्या मराठी पाट्या,
इंग्रजीच्या खाली, दोन पॉइंट बारीक,
चाळीस शब्दांच्या वर नाही.
पिशवीत कटर, दुहेरी चिकटपट्टी, पाणसळ
आणि उरलेसुरले ऱ्हस्वदीर्घ.

सकाळी बॅलार्ड इस्टेट. जुन्या गोदामात
वालजीभाईंचे माठ, धारावीहून टेम्पोने आलेले,
बुडं फोडून उलटे टांगलेले.
त्यांतून उजेड गळतो.
शीर्षक: ‘तहान, तीन’.
वालजीभाई शिडी धरून उभे.
‘एक आणि दोन कुठायत?’
‘घरी. त्यांत पाणी आहे.’

दुपारी कुलाबा. गोधडी भिंतीवर, पाठ लोकांकडे.
उलटी बाजू जास्त प्रामाणिक, असं तनाझ म्हणते.
गाठी, सुटलेले दोरे,
एका ठिकाणी रंग संपला म्हणून घेतलेला दुसराच.
जिने शिवली ती उद्घाटनाला येणार आहे
साताऱ्याहून, नवी साडी नेसून.
तिला हे आधी कोणी सांगितलंय का,
मी विचारलं नाही. तिरपी पाटी तेवढी सरळ केली.

मग चालतच रीगलपर्यंत, तिथून बस,
आणि भायखळ्याला पोचेस्तोवर पाच.
तिथे काचेत एक पाटी आहे.
बांबूची, डोक्यावर घ्यायची.
तिच्या शेजारची पाटी माझी.
कागदावर आलेला मजकूर: बांबू. व्यास बेचाळीस सेंटिमीटर.
कारागीर अज्ञात.

अज्ञात कसली! बुडाला मार्करने मोबाइल नंबर होता,
शेवटचा आकडा पुसट. सात की एक.
सातवर टायरवाला निघाला, भलताच चिडका.
एकवर सुमित्रा नागे, माहीमच्या पुलापाशी.

‘मी म्युझियममधून बोलतेय. पाट्या करते.’
‘मीपण पाट्याच करते. तुमची केवढ्याला जाते?’
सांगितलं.
पलीकडे थोडा वेळ नुसते हॉर्न.
‘बरं आहे की,’ ती म्हणाली. ‘हात पण कापत नसतील.’

काठावरच्या त्या दुहेरी विणीला काय म्हणतात?
‘म्हणायचं काय त्यात? सासू ओरडायची,
तोंड बांध, तोंड बांध.
तेच नाव.’
आणि वेळ किती लागला?
‘दोन दुपारी. मधे एक वाया गेली,
पोराला ताप होता.’

सगळं लिहून काढलं, मोजलं. एकोणचाळीस शब्द.
तनाझने फोनवर ऐकून घेतलं.
नाव ठेव, म्हणाली, तोंड बांधणंही ठेव, फारच छान,
पण ताप काढ.
लोक विचारत बसतील, मुलगा आता कसा आहे.

मीसुद्धा विचारलं नव्हतं.

परत लावला. एंगेज. परत.
‘कोण? पोरगा?’ ती हसायलाच लागली.
‘धडधाकट आहे. बँकेत गेलाय, पाट्या टाकायला.’
मला हसू आलं ते फोन ठेवल्यावर,
म्युझियमच्या जिन्यात, एकटीला,
कारण दिवसभर मीही तेच करत होते
आणि मला पैसेही शब्दांवर मिळतात.

खालच्या दालनात पाष्टे दिवे घालवत निघाले होते.
दोन मिनिटं द्या, म्हटलं.
फोमबोर्ड उलटा करून पेन्सिलीने लिहिलं:
मधे एक दुपार गेली, पोराला ताप.
चिकटपट्टीचा कागद सोलला, तळहाताने दाबून धरली.
पाष्ट्यांनी बघितलं, काही बोलले नाहीत.
पाणसळीतला बुडबुडा जरा इकडेतिकडे करून
मधोमध थांबला.

काचेतली मात्र किंचित डावीकडे कलते.
ती तशीच ठेवायची, असं वालजीभाई असते तर म्हणाले असते.
मला माहीत नाही. किल्ली पाष्ट्यांकडे होती
आणि बस सुटत होती.