गोल बादली

केलन, आधी हे सगळं बाहेर काढ.
एवढा संसार घेऊन
कोणी कयाकमध्ये बसत नाही.
तुझ्या बाबाच्या बोटीला दोन इंजिनं होती,
बर्फाची पेटी, रेडिओ, गाद्या.
बोट मार्चमध्ये गेली. बाबा त्याच्या आधी.
हिच्यात तू, तुझे गुडघे,
आणि गुडघ्यांमध्ये मावेल तेवढंच.

दोन रॉड पुरेत.
एक आखूड, जाड बुडख्याचा, खोल पाण्यासाठी.
एक लवचीक:
उजाडताना शॅडचा थवा वर उसळला
तर त्याच्या कडेला फेकायला.
तिसरा गाडीत राहू दे.
तिसरा असला की माणूस मासे सोडून
रॉडच बदलत बसतो.

आता शिसं.
तळहातावर घे, नुसतं बघू नकोस.
शांत पाण्याला अर्धा औंस;
दक्षिणेकडून वारा सुटला
की दोरा पतंगासारखा तिरपा जातो, मग दोन.
टेक्सोमाच्या वाऱ्याची तब्येत तोळामासा,
आत्ता आहे, आत्ता नाही,
आणि नाही नाही म्हणताना
लाट मांडीवर.

हरणाच्या शेपटीच्या केसांचा तो पांढरा जिग घे.
पिवळा मला आवडतो,
पण मला आवडून काय उपयोग.
डरवुडच्या दुकानात भिंतभर टांगलंय,
चमकी, डोळे, रबराच्या शेपट्या;
तोच म्हणतो, सुटे पैसे परत देताना,
एवढे रंग मासे बघत नाहीत,
गिऱ्हाईकं बघतात.

जिवंत शॅड मात्र त्याच्याकडूनच.
डझनभर बस्स, आणि चिमूटभर मीठ पाण्यात.
बादली गोलच हवी.
चौकोनी टाकीत शॅड कोपऱ्यात शिरतो,
कोपरा म्हणजे काय हे त्याला ठाऊक नाही,
नाक घासून घासून लाल करतो
आणि तासाभरात पोट वर.
गोल बादलीत पोहत राहतो,
वाटत असावं, कुठेतरी चाललोय.
चौदा वर्षं मी स्कूल बस चालवली,
मॅडिल ते किंग्स्टन, किंग्स्टन ते मॅडिल.
मी हसत नाही शॅडला.

गळ वर्तुळाकार. नाकपुड्यांतून ओव, हळू.
ओढ लागली तरी झटका देऊ नकोस.
देशीलच, सगळे देतात.
तो वळेपर्यंत थांबलास
तर गळ आपणहून
जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

चाकू जॅकेटला बांध,
उजव्या हाताला न बघता सापडेल असा.
का, ते विचारू नकोस.

*

त्यानं विचारलं नाही.
साडेसहाला त्याचा आखूड रॉड
पाण्यात टोक बुडेपर्यंत वाकला
आणि कयाक वल्ह्याशिवाय चालू लागली,
हट्टी कुत्र्यामागे
फरफटत निघालेल्या पोरासारखी,
बेटांच्या बाजूला, वाऱ्याच्या तोंडी.
मी मागून वल्हवत राहिले.
त्याचा हात दोनदा चाकूकडे गेला.
दोनदा परत आला.
ओरडायचं तर काय ओरडायचं,
काप, की कापू नको?

मासा बाजूला आला तेव्हा
कोणी काही बोललं नाही.
सात काळे पट्टे,
त्यातले दोन मध्येच तुटलेले,
जणू आखणाऱ्याला कोणी हाक मारली होती.
गळ बरोबर कोपऱ्यात.
केलननं त्याला जबड्याला धरून
पाण्यात उभा धरला, सोडला;
तो कुशीवर कलला.
पुन्हा धरला. पुन्हा कलला.
चाळीस फुटांवरून वर आलेला,
वर जुलैचं पाणी, सूपसारखं.
सगळं बरोबर निवडलं होतं आपण, आत्या,
तो म्हणाला.
हो, मी म्हटलं. आता हा घरी न्यायचा
आणि सगळा खायचा.

किनाऱ्याला लागल्यावर
बादलीत सात शॅड उरले होते,
अजून फिरत.
त्यानं माझ्याकडे पाहिलं,
मग उथळ पाण्यात बादली तिरपी केली.
पाच गेले.
दोन तिथेच, गुडघाभर पाण्यात,
गोल गोल फिरत राहिले.
वर सीगल जमू लागले तसा
तो वल्हं आपटत उभा राहिला, बराच वेळ.
मी गाडी सुरू केली नाही.