सकाळी आठच्या आधी

दोनशे अडतीस.
आकड्याशेजारी खाली तोंड केलेला बाण.
आमच्या यार्डात सिग्नल पडला की गाडी सुटते.
इथे बाण पडला
आणि मी पंधरा दिवस लूपलाइनवर.

भुसावळच्या भिंती रात्री बारालाही तापलेल्या,
कूलर पाणी मागतो, मी झोप मागतो.
सुट्टीच्या रात्री हेमलता कूस बदलते,
काही विचारत नाही.
तिचं न विचारणं मला स्पष्ट ऐकू येतं.

बसस्टँडमागे भिंतीवर पिवळ्या अक्षरांत
मर्दानगीचा मोबाइल नंबर आहे.
पुतण्याचा जिमवाला म्हणाला, काका, महिन्याला एक सुई,
वाघ व्हाल.
म्हटलं, सातपुड्यातला वाघ शेवटचा कधी पाहिलास ते सांग आधी.
पण नंबर मी पाठ केला होता.

डॉक्टर फेगड्यांनी कागद घेतला,
आकड्याकडे पाहिलंच नाही.
रक्त किती वाजता दिलं?
चारला. दुपारी.
नाइट करून, तीन तास पडून,
शेवभाजी खाऊन.
हा तुमचा आकडा नाही, म्हणाले, दुपारचा आहे.
हे पाणी पहाटे चढतं, दिवसभर उतरतं.
हतनूरचे दरवाजे बंद असताना पुलावरून वाकायचं
आणि तापी आटली म्हणायचं, असं झालं.

मग प्रश्न, आडवेतिडवे.
घोरता? ते घरात विचारा.
वजन, साखर, थायरॉइड?
दाढी पूर्वीइतकीच येते?
सकाळी जाग येताना शरीर जागं असतं?
ह्याचं उत्तर मी खिडकीतल्या निंबाला दिलं.
मन लागतं का कशात, असं विचारलं तेव्हा
निंबाचाही उपयोग झाला नाही.

पेन ठेवून शेवटचा : अजून मूल हवंय?
हवंय. पोरगी नऊ वर्षांची झाली,
तिला भाऊ-बहीण काहीही चालेल.
मग नीट ऐका.
बाहेरून हार्मोन आलं की आतला कारखाना टाळं लावतो.
बीजही थांबतं. सुई सोडल्यावर बहुतेकांचं परत येतं,
महिने जातात. सगळ्यांचं येईलच, असं मी लिहून देणार नाही.

मला माझ्या भाषेत कळलं :
घाटात मागून बँकर लावला
म्हणून पुढचं इंजिन कोणी बंद करत नाही.
शरीर करतं.

सुई वाईट नाही, म्हणाले. ज्याला लागते त्याला लागते.
जेलही असतं. रक्त घट्ट होतंय का, प्रोस्टेट कसं,
हे मग बघत राहायचं, विसरायचं नाही.
पण आधी दोन वेगळ्या सकाळी, आठच्या आत,
उपाशीपोटी, रात्रभर झोपून.

रात्रभर झोपून!
अकरा वर्षं माझी सकाळ म्हणजे पडदा ओढायची वेळ.

रोस्टरच्या अर्जात 'कारण' असा रकाना.
'घरगुती' लिहिलं, खोडलं.
'वैद्यकीय' लिहिलं तर चहाच्या टपरीपर्यंत जाईल.
शेवटी लिहिलं : सकाळ पाहिजे.
भारंबेसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
सगळ्यांनाच पाहिजे, म्हणाले,
आणि तीन आठवडे दिवसपाळी दिली.

अमळनेरहून आईचा फोन, रात्री दहाला :
काय करी राह्यना?
झोपी राह्यनू, माय.
तिला खरं वाटलं नाही.

चौथ्या रात्री मी हेमलताला विचारलं, घोरतो का?
ती म्हणाली, घोरता ते बरंय.
मध्येच श्वास थांबतो तुमचा.
मी मोजत बसते. एकदा सतरापर्यंत गेले.
किती दिवस?
आठवत नाही.
म्हणजे माझा आणखी एक आकडा होता,
कुठल्याच कागदावर नव्हता,
आणि मी समजत होतो की ती रुसलीय.

आज सात चाळीस. लॅबच्या बाकावर पाच जण,
प्रत्येकाची फाइल पालथी.
एकाने विचारलं, शुगर?
मी म्हटलं, हो, शुगर.
तोही हो म्हणाला.

इद्रिसने दंडाला रबर बांधलं.
मूठ आवळा, काका.
आवळली.
एवढी नको, म्हणाला.