मिठाचा दगड

आमचा डोंगर उंच नाही, हे आधीच सांगून टाकतो.
वर्गातल्या भिंतीवरच्या नकाशात तो
तपकिरी रंगापर्यंतही पोचत नाही,
पिवळ्यातच दम टाकून बसतो.
पोरांनी त्यावर बोट ठेवलं
की बोटाखाली अख्खा खानापूर तालुका झाकला जायचा.

एकतीस वर्षं भूगोल शिकवला.
जांभा, सदाहरित, निमसदाहरित,
पश्चिमेचा उतार तीव्र, पूर्वेचा मंद,
कारणे द्या, गुण दोन.
निवृत्तीनंतरच्या मार्गशीर्षात मग
कणकुंबीच्या अलीकडे लाल बसमधून उतरलो
आणि धाकलू झोऱ्याला म्हटलं,
मला तो दगड दाखव.
सर्वेचा. जुन्या नकाशावर एक त्रिकोण,
त्रिकोणात टिंब, शेजारी आकडा,
एवढीच माझी त्याची ओळख.

नाक्यावर वॉचर बसलिंगानं कन्नडात विचारलं, कुठं?
धाकलूनं मराठीत सांगितलं, मास्तर, दगड बघायला.
बसलिंग हसला. वही पुढं केली.
'उद्देश' या रकान्यात मी काही लिहिलं नाही.

वाट गव्यांनी काढलेली.
चढ कुठं सोसतो ते त्यांना इंजिनियरांहून जास्त कळतं.
किंजळ, हिरडा, कुंभा, मी झाडं मोजत होतो,
धाकलू फक्त वास घेत होता,
म्हणाला, पहाटं अस्वल गेलंय हितनं.
डोक्यावरून कुणी सायकलचा पंप मारत गेल्यासारखा आवाज झाला.
धनेश, मी म्हणालो.
ककणेर, तो म्हणाला,
आणि पक्षी दोन्ही नावं मागं टाकून
पलीकडच्या उंबरावर उतरला.

कारवी फुलून मरून उभी होती,
काटक्या, काटक्या, डोंगरभर काटक्या.
तुझं वय काय रे? विचारलं.
धा फुलोरे बघितले, म्हणाला, आईच्या पाठीवरला धरून.
मी मनात सातानं भागून पाहिलं.
साडेआठ आलो. बाकी चार.

मग झाडं संपली एकदम
आणि सडा लागला,
भाजून काढल्यासारखी जांभ्याची पाठ,
वाळलेलं गवत, वाऱ्याला अडवायला कुणी नाही.
सवयीनं तोंडातून निघालंच,
इकडं पडलेलं पाणी मलप्रभेचं,
बंगालच्या उपसागराला जाणार,
तिकडं पडलेलं म्हादईचं, अरबी समुद्राला.
धाकलूनं मान डोलावली.
माज्या म्हशी दोनीकडं मुततात, म्हणाला.

दगड होता.
गुडघ्याएवढा, काळा, माथ्याला गुळगुळीत,
नदीच्या पात्रातून उचलून आणल्यासारखा.
बाण नाही, आकडा नाही.
बोटांनी चाचपलं, चष्मा काढून बघितलं,
उन्हाकडं तिरका होऊन बघितलं.

हितं मीठ ठेवायचो की ओ म्हशींना, म्हणाला,
आज्ज्यानं, मग बानं, मग मी.
चाटून चाटून असा झाला.

मी खाली बसलो.
आठशे चौसष्ट मीटर
तीन पिढ्यांच्या म्हशींनी जिभेनं पुसलं होतं.

काय लिवलं होतं त्येच्यावर?
उंची.
कुठनं धरून?
समुद्रापासून.
त्यानं तंबाखू मळता मळता विचार केला,
बराच वेळ, चुना दोनदा घेतला.
मीठ बी तितनंच यायचं, म्हणाला,
आज्जा डोक्यावर आणायचा, चोर्ल्याच्या वाटंनं,
गोव्यातनं, दोन दिस लागायचं.
म्हंजे बरोबरच हाय की.

एकतीस वर्षांत
एवढं पुरं उत्तर कुणी दिलं नव्हतं मला.

आता तीनच म्हशी.
पिशवीतलं बारीक मीठ त्यांना आवडत नाही,
शिंकतात, म्हणाला.

तो म्हशी हाकायला पुढं गेला तेव्हा
इकडंतिकडं बघून मी दगडाला बोट लावलं,
बोट जिभेला.
खारट नव्हतं.
पहिलीत आम्ही पाटी चाटून पुसायचो,
तशी चव होती.