कलम चौदा

गुरुवार संध्याकाळ, वर्ग तीनशे सहा.
बाहेर सेंट जॉन्सचं बंदर धुक्यात बुडालेलं,
भोंगा तेवढा मिनिटामिनिटाला हजेरी देतोय.
माझ्या लोकरी टोपीत मी चिठ्ठ्या टाकल्या:
काहींवर संघटना, काहींवर व्यवस्थापन.
लुटुपुटीची वाटाघाट. वीस गुण.

फिलोमीना पार्डीनं चिठ्ठी उलगडली
आणि हसली नाही.
सव्वीस वर्षं खेकड्यांच्या कारखान्यात.
उकळत्या टाक्यांच्या वाफेनं छाती धरली,
तेव्हा थंड गोदामात हलवलं तिला.
पर्समध्ये दम्याचा पंप, पिशवीत श्रमकायदा,
आणि हातात: व्यवस्थापन.

समोर संघटना, म्हणजे कीरन हाइन्स. वय वीस.
तीन रंगांत अधोरेखित केलेले मुद्दे.

कलम चौदा, लघवीची सुट्टी.
'दर दोन तासांनी दहा मिनिटं,' तो म्हणाला.
ती खुर्चीत मागे रेलली.
तसं रेलणं मी कुठल्याच पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.
'बाळा, तुमची अडचण कळते आम्हाला.
आपण सगळे एकाच घरातले.
पण पट्टा थांबला की माल सडतो,
माल सडला की गिऱ्हाईक जातं,
गिऱ्हाईक गेलं की गाव बसतं.
गाव बसवायचंय तुला, दहा मिनिटांपायी?'

आवाज तिचा नव्हता.
वर्ग आधी हसला,
मग खुर्च्या कुरकुरल्या,
मग नुसता भोंगा.

कीरननं पान बावीस काढलं, पान एकतीस काढलं.
सद्भावनेनं वाटाघाट करण्याचं कर्तव्य:
व्याख्या तोंडपाठ, उत्तर नाही.
कान लालबुंद.

तेव्हा ती पुढे वाकली,
माझा नियम मोडून, टेबलापलीकडे, हळूच:
'विचार मला,
बॉयलर बिघडला तेव्हा चार तास पट्टा बंद होता,
गाव कसं काय उरलं?
विचार ना.
मला तेव्हा सुचलं नव्हतं रे.
घरी गेल्यावर सुचलं, बटाटे सोलताना.'

त्यानं विचारलं.
ती गप्प राहिली. बराच वेळ.
मग पंपाचे दोन झुरके घेतले, आणि त्याच परक्या आवाजात:
'बैठक दहा मिनिटं तहकूब.'
सगळा वर्ग उठून गेला.

गुणांचा तक्ता माझ्यापुढे, रकाने दोनच.
ती दारातून परत आली.
'सर, पुढच्या गुरुवारी हंगाम सुरू होतोय,
रात्रपाळी लागेल. हजेरी कापाल का?'

'कळतं हो मला,' मी म्हणालो, 'पण—'