भंडारी

कालिंदीबाय पहिल्यांदा आल्या तेव्हा
मी नवा होतो, शिडीही नवी होती.
चिठ्ठीवर लिहिलं: गलबतांची पगारपत्रकं,
सतराशे अमुक ते सतराशे तमुक.
कारणाच्या रकान्यात: संशोधन.
गठ्ठा आणला, फीत सोडली.
आतून कसर पळाली, चंदेरी, घाईत,
जणू तिचीच चौकशी निघाली होती.

शाईतलं लोखंड कागद खातं, हे त्यांनी मला शिकवलं.
अक्षर जिथे ठळक, भोक तिथेच.
आत पेनला बंदी, फक्त शिसपेन्सिल;
टोक काढायला त्या गॅलरीत जात,
मांडवीकडे पाठ करून.
समुद्राच्या इतिहासातल्या डॉक्टर दुभाषी
दिवाडीच्या फेरीबोटीत पाच मिनिटांत ओकत.
माझ्या ड्रॉवरात एक लिंबू त्यांचं असे.

बारा वर्षं त्या माणसं मोजत होत्या.
नाखवा, सारंग, तांडेल, डोलकाठीवरचा पांजरी,
आणि प्रत्येक यादीत, खालून तिसरा,
एक भंडारी.
चारशे सोळा भरले.
त्यांनी नकाशा काढला, गावं रंगवली,
माडावर चढून सुरा काढणारी जात
डोलकाठीवर कशी चढली
यावर निबंध वाचला. लिस्बनला टाळ्या.
ताळगावच्या पठारावरची प्राध्यापकाची खुर्ची
जवळजवळ त्यांचीच.

निबंध मला कुठला कळायला, इंग्रजीतला.
चहा पिताना त्याच सांगत होत्या,
हात हवेत, माडाएवढा उंच.
मी म्हटलं, बाय, आमचो बाबलोमामा
जातीचा खारवी. बावीस वर्षं बोटीवर भंडारी.
भंडारी म्हणजे तिथे जात नव्हे,
भात शिजवतो तो. कोठीची चावी त्याच्याकडे.

बशी खाली ठेवली त्यांनी. फार हळू.
मग एवढंच विचारलं,
पाणी कमी पडलं की तांदूळ कशात धुवायचा तो?
समुद्रात, मी म्हटलं, शेवटच्या पाण्याला गोडं.

दुसऱ्या दिवशी चारशे सोळाच्या चारशे सोळा परत मागवल्या.
एकोणीस दिवस मी शिडीवर.
प्रत्येक भंडाऱ्याच्या शेजारच्या ओळीत
तांदूळ होता, जळण होतं, तेलाचे बुधले होते.
पहिल्यापासून होते.
त्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत,
पेन्सिलीला उगाच टोक काढत राहिल्या,
ती अंगठ्याएवढी उरेपर्यंत.

स्वतःच्याच निबंधाविरुद्ध दोन पानं लिहून
त्यांनी ती छापायला दिली. कोणी मागितली नव्हती.
निवड समिती म्हणाली, उमेदवारांच्या मतात स्थैर्य नाही.
खुर्ची मिळाली एका गृहस्थांना,
ज्यांची छापील चूक एकही नव्हती;
छापलेलंच बेताचं.
बायना ती मिळाली नऊ वर्षांनी,
निवृत्तीला दोन पावसाळे उरले असताना.

मधल्या काळात त्या चुलीकडे वळल्या.
हलत्या लाकडावर विस्तव कसा राखतात,
कोण कुणाच्या हातचं जेवतं,
वादळात पहिलं काय फेकतात.
जाडजूड पुस्तक झालं. भाचीने मला त्यातली
एक तळटीप वाचून दाखवली, दोनशे बारावी:
बाबलो खारवी, बोटीवरील भंडारी,
माहिती भाचा पुरसो याजकडून.
मामाचं नाव त्याआधी फक्त रेशनकार्डावर छापलेलं.
भाची म्हणाली, एवढंच?
मी म्हटलं, परत वाच.

अजून मंगळवारी येतात. काठी घेऊन, लिंबू स्वतःचं.
सांगितलं, बाय, तुम्हाला चिठ्ठी कशाला?
तरी भरतात. गठ्ठा क्रमांक, सही, तारीख.
कारणाच्या रकान्यात हल्ली लिहितात:
पुन्हा पाहणे.
येत्या मार्चात मीही सुटतो.
नव्या पोराला सगळं दाखवलंय,
शिडीची तिसरी पायरी हलते, ती सोडून चढायचं,
आणि बायनी जातीबद्दल काही विचारलं
तर आधी विचार म्हणावं, किनाऱ्यावर की बोटीवर.