तळ्याकडची खिडकी

स्मोलांडमधल्या त्या जानेवारीच्या रात्री
आम्ही स्वयंपाकघरात बसून होतो,
चार माणसं, कुत्रं, एक मेणबत्ती.
झाडं मोडताना कडकडाट होतो अशी माझी समजूत.
तसं काही ऐकू आलं नाही. नुसती घरघर,
पुलावरून मालगाडी जावी
आणि तिला शेवटचा डबाच नसावा.
बाबा आवाजावरून पडलेली झाडं मोजत होते.
चाळिसाला थांबले.

सकाळी घरात भलताच उजेड.
आजोबांनी लावलेले स्प्रूस
सगळे एकाच दिशेला आडवे, विंचरल्यासारखे.
मुळांची ताटं उभी ठाकलेली, कोठाराएवढी,
माती, दगड,
आणि एकात अडकलेला कुणाचा तरी गंजका विळा.
आई खिडकीशी गेली. म्हणाली, "अगं, तळं!"
एकोणीस वर्षं ती या घरात नांदली,
तळं शेजारी आहे हे तिला वासावरूनच ठाऊक.

वीज आली सव्विसाव्या दिवशी.
तोवर शेजारचा फोल्के आमच्याकडे कापायला आला होता.
खोड सुटलं की बुंधा पुन्हा उभा राहतो,
हे त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.
दार मिटावं तसं
मुळांचं ताट खड्ड्यावर मिटलं.
त्याचा थर्मास बर्फात उभा, कॉफी अजून कोमट.
मी तेरा वर्षांची. झाकण मी लावलं.

ओंडक्यांना मातीचा भाव आला.
बाबा म्हणाले, तुझे आजोबा पुन्हा एकदा वारले.
आणि आईनं, त्याच आठवड्यात,
खिडकीचे पडदे धुवायला काढले
ते परत लावलेच नाहीत.
भांडी विसळताना तिचे हात पाण्यात थांबायचे.
बाबांनी ते पाहिलं असणार.
वसंतात त्यांनी पुन्हा स्प्रूसच लावले.
लोक म्हणाले, ओक लाव, मिसळ कर.
ते म्हणाले, मला हेच येतं.
मधल्या जागेत बर्च न विचारता उगवले.

वीस वर्षं झाली. बाबा नाहीत.
आई त्याच खुर्चीत बसते
आणि तळं दर उन्हाळ्यात बोटभर आटतं,
पाण्यानं नव्हे, झाडांनी.
गेल्या रविवारी म्हणाली,
"हिल्लेवी, पुढची सहाच काढ.
त्याला सांगू नकोस."

करवत काढली. साखळीला तेल दिलं.
फोल्केच्या खड्ड्यावर आता रास्पबेरी माजली आहे.
तिथवर गेले, मग बसले थोडा वेळ.
तिथून तळं दिसत नाही.
वास येतो.