सातवा चौकोन

पहिल्यांदा आली तेव्हा कपाळावर रुपयाएवढी टिकली.
काढा म्हटलं, तर आधी दाराकडे पाहिलं,
मग पदराआड, नखानं, हळूच.
खाली पांढरं. गोल. कंपासनं काढल्यासारखं.

नरसव्वा दिकोंडा, वय सेहेचाळीस,
कुंभारीच्या घरकुलात विड्या वळते.
आधी म्हणे ज्वारीएवढी टिकली लावायची,
तिच्याखाली ज्वारीएवढा डाग.
तो झाकायला हरभऱ्याएवढी,
मग तिच्याखालीही हरभऱ्याएवढा.
असं करत तीन वर्षांत रुपयापर्यंत.
कोड इतकं शिस्तीत वागत नाही.
कोडाला भूगोल असतो,
भूमिती नसते.

संमतीपत्र वाचून दाखवलं.
रांग बाहेर लिफ्टपर्यंत गेलेली,
तिसऱ्या पानावरची एक ओळ
मी जरा भराभर वाचली.
तिनं अंगठा टेकवला.
तंबाखू आणि तेंदूपानांनी तीस वर्षं घासलेला अंगठा,
कागदावर एकही रेघ उठली नाही,
नुसता निळा ठिपका.
रेशनचं यंत्रपण ओळखत नाही मला, म्हणाली.

पाठीवर बारा चौकोन चिकटवले.
निकेल, रबर, सुगंध, रंग, राळ,
आणि सातव्यात तिचीच टिकली, उलटी.
अठ्ठेचाळीस तास आंघोळ नाही.
घाम येऊ द्यायचा नाही.

मे महिना. बाहेर त्रेचाळीस.
"सोलापुरात राहून घाम नको म्हणता की ओ!"
ती हसली, नर्स हसली,
मलाही हसू आवरलं नाही.

पंखा लावला की सुपातली तंबाखू उडते,
म्हणून त्या घरांत दिवसा पंखा बंद असतो.
तिनं दोन दिवस तो चालू ठेवला.
हजाराच्या जागी चारशे विड्या झाल्या.
हे मी माझ्या तक्त्यात कुठेच लिहिलं नाही,
त्यासाठी रकाना नव्हता.

संध्याकाळी सात रस्त्याच्या दवाखान्यात
एक मुलगी आली, साखरपुड्याचा फोटो घेऊन.
मॅडम, दोन शेड तरी.
तिच्या आईनं माझ्या टेबलाची सनमायका दाखवून
इतका उजळ, म्हणून सांगितलं.
मी लेझरचे दर सांगत होते
आणि मला सुपाशेजारी फिरणारा पंखा ऐकू येत होता.

चौथ्या दिवशी पट्टी काढली.
अकरा चौकोन गप्प.
सातवा लाल, फुगलेला, पाणी धरलेला.
"म्हणजे कोड नाही?"
नाही. डिंक. टिकलीच्या मागचा डिंक.
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
"पोरीच्या लग्नात एका पण फोटोत पुढं नाही मी.
डिंकासाठी?"

मलम दिलं, सकाळचं ऊन सांगितलं.
पाच महिन्यांनी कपाळावर
तीळ सांडल्यासारखे तपकिरी ठिपके,
लवेच्या मुळाशी एकेक.
आता ती मेण लावून वर कोरडं कुंकू टेकवते,
त्याच अंगठ्यानं.

पाठ तपासली.
सातव्या चौकोनाच्या जागी
ज्वारीएवढं पांढरं.
तीच ती तिसऱ्या पानावरची ओळ.
या वेळी मी सावकाश सांगितलं, सगळं.
"पाठ कोण बघतंय," ती म्हणाली,
आणि ब्लाऊजची गुंडी लावली.
मी बघितली होती. मी फोटोही काढला.
पेपरमध्ये तो आकृती दोन आहे.

जाताना तिनं कनवटीचं पाकीट काढलं,
अकरा टिकल्या उरल्या होत्या.
फेकवेनात. घरीही न्यायच्या नव्हत्या.
माझ्या लोखंडी कपाटाच्या दारावर
तिनं त्या एकेक दाबून लावल्या, तिरक्या ओळीत.

आठ महिने झाले.
कपाटाचा रंग उडालाय, हँडल निघालंय.
टिकली एकही पडली नाही.